चिरीकाजीच्या घरची मोळी

चिरीकाजी डंगोल मंत्री झाला त्या दिवशी कीर्तिपूरच्या चढावर तीन सरकारी गाड्या अडकल्या आणि त्या ढकलायला निम्मी आळी धावली. त्याची आई हेरामाया मात्र दारात मुळ्याची पानं वाळत घालत बसली होती. लेक पाया पडला तशी म्हणाली, "मंत्री झालास, बरं झालं. पण मला उचलणार कोण, ते आधी बघ."

हा तिचा जुना घोर होता. आळीची गुठी, म्हणजे एकमेकांच्या मयतीला बांधलेली मंडळी, तीस घरांची. कुणी वारलं की प्रत्येक घरातून एक पुरुष आणि लाकडाची एक मोळी घाटावर पोचलीच पाहिजे. तीनदा चुकलं की ते घर वगळलं, मग त्या घरच्या मयताला आळीचा खांदा नाही. बाप गेला तेव्हा चिरीकाजी घरी होता. नंतर अकरा वर्षं तो बायको आणि लहान मुलासह परदेशात राहिला आणि घरात दुसरा पुरुष नव्हता. आई प्रत्येक पत्रात तेच लिहवून घेई, आणि हा उत्तरात तिच्या गुडघ्यांची चौकशी करी.

बापाबरोबर तो लहानपणी काठमांडूच्या बाजारात जायचा. बापाच्या खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना फ्लॉवर. सकाळी ज्या भावावरून बाप हलायचा नाही, त्याच्या निम्म्या भावाने दुपारी माल सोडून द्यायचा. "बा, दुपारचा फ्लॉवर वेगळा असतो का?" पोराने विचारलं. बाप म्हणाला, "फ्लॉवर तोच रे. माझे पाय दमलेले असतात."

एवढंच अर्थशास्त्र आपल्याला येतं, बाकी सगळी पुस्तकांची भर, असं तो पुढे कॉलेजात विद्यार्थ्यांना सांगायचा. राजदूत म्हणून वाटाघाटींना बसला तेव्हाही मनात हेच होतं. आपल्या देशाला समुद्र नाही, माल दुसऱ्याच्या बंदरात पडून राहतो, आणि दमलेला माणूस स्वस्तात विकतो. म्हणून समोरचे चहाला उठले तरी हा खुर्ची सोडायचा नाही. माल समुद्रापर्यंत नेण्याच्या वाटेचे दोन करार त्याने असेच बसून बसून मिळवले.

पण हुशार माणूस चुकतो तेव्हा चारचौघांसारखा चुकत नाही. नियोजनाच्या कचेरीत नवा असताना त्याने अहवाल लिहिला होता, की खोऱ्यातला शेतकरी जत्रा, भोज आणि गुठी यांत वर्षाचे एकतीस दिवस वाया घालवतो. पेपरात फोटोसकट छापून आलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद कौतुकाने भिंतीला चिकटवला, आणि येणारेजाणारे वाचून गप्प बसले.

मंत्रिपदाच्या आठव्या महिन्यात, मंसिर महिन्यातल्या एका सकाळी, हेरामाया गेली. सचिव म्हणाले, "सर, फुलांनी सजवलेली गाडी मागवतो, पोलीसही येतील." चिरीकाजीने हात जोडले आणि तो एकटाच अष्टमानच्या अंगणात गेला. अष्टमान गुठीचा थकाली, म्हणजे सगळ्यांत थोरला. तो उन्हात बसून दोर वळत होता.

"बाजे, आई गेली."

"कळलं."

"आमचं घर तुम्ही वगळलं असेल. बरोबरच केलंत. मला काय शिक्षा करायची ती करा, पण तिला आळीच्या खांद्यावरून जाऊ द्या. गाडीतून नको."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "एकतीस दिवस फुकट जातात म्हणून लिहिणारा तूच ना? आज तुझ्या आईपायी अर्धा दिवस मोडणार. परवडेल ना देशाला?"

"चुकलो, बाजे." चिरीकाजी वाटाघाटींत मुरलेला माणूस, पण इथे त्याच्या हातात द्यायला काहीच नव्हतं.

"आणि वगळलं कोण म्हणतं? बावीस मयती झाल्या, बावीसही वेळा तुझ्या घरची मोळी आली. माणूससुद्धा आला. त्याला विचार."

कोपऱ्यात शेजारचा नुच्छेलाल तिरडीचे बांबू तासत होता. पाचवीत शाळा सोडलेला, चिरीकाजीचा बाकावरचा सोबती.

"माझ्या घरून थोरला पोरगा जायचा," नुच्छेलाल म्हणाला, "तुझ्या घरून मी. तू तिकडे देशाच्या नावाने बसायचास, मी इकडे तुझ्या नावाने उभा राहायचो. लहानपणी तुझ्या वाटणीच्या तांदळाच्या चटामऱ्या कमी खाल्ल्यात का मी?"

"अरे, मग आईला तरी सांगायचं! जन्मभर घोर लावून घेतला तिने."

"शेवटच्या आठवड्यात सांगितलं, हसली. आधी सांगितलं असतं तर तिने तुला बोलावणं सोडलं असतं. आणि गाढवा, तू कशाला आला असतास मग?"

चिरीकाजी तिथेच मातीत बसला आणि पोरासारखा रडला. दुःख होतंच, पण त्याहून जास्त होता तो उपकार, ज्याचा त्याला अकरा वर्षं पत्ता नव्हता. दुपारी हेरामाया आळीच्या खांद्यावरून उतरणीला लागली. तीसही घरांची माणसं होती.

पुढे सरकार पडलं, गाड्या गेल्या. भिंतीवरचा कागद त्याने स्वतः खरवडून काढला. नुच्छेलालची दोन्ही पोरं कतारला गेली आणि त्याचे स्वतःचे गुडघे धरले.

अष्टमान वारला त्या दिवशी दुपारी चिरीकाजीला पंतप्रधानांचं बोलावणं होतं, पुन्हा राजदूत करायचं म्हणून. त्याने फोनवर सांगितलं, "आज गुठी आहे. उद्या येतो."

घाटावर नवा थकाली एकेक घर पुकारत होता. "चिरीकाजीचं घर?" चिरीकाजीचा आता मोठा झालेला मुलगा पुढे झाला.

"नुच्छेलालचं घर?"

माजी मंत्र्याने पाठीवरची मोळी खाली ठेवली. "हजर," तो म्हणाला.