शिक्का कोणाकडे?

आमच्या शाळेचा गोल शिक्का मुठीत मावेल एवढा. त्या ठोकळ्यापायी मी जितकी चिडले, तितकी नवऱ्यावरही कधी चिडले नसेन.

सिल्वासात मराठी माध्यमाच्या शाळेत मी शिकवते. काही वर्षांपूर्वी दहावीच्या निकालानंतर आमच्या मुख्याध्यापकांची दमणला बदली झाली. नवे आले नव्हते. मधल्या दिवसांचा चार्ज कोणाला दिलाच नाही, आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशातून दमणला गेली. नेमकी तेव्हाच माझ्या वर्गातल्या एका मुलीला धुळ्याच्या वसतिगृहात जागा मिळाली. शाळा सोडल्याचा दाखला शुक्रवारपर्यंत हवा होता.

तिचे वडील खडोलीच्या कारखान्यात कामाला. रोज येऊन ऑफिसबाहेर उभे राहायचे. "मॅडम, आज बी छुट्टी टाकीसन आलो. शुक्रवारनंतर होस्टेलवाले नाही म्हनतीन."

क्लार्क म्हणायचा, "सही कोण करणार? उद्या माझ्या गळ्यात येईल."

तीन वर्षं मी तिला शिकवलेलं, तिची जन्मतारीख मला पाठ, आणि दाखल्यावर सही करायचा अधिकार तेवढा मला नाही! शुक्रवार गेला. सोमवारी किल्ली आली, तोवर जागा दुसरीला गेली होती. मुलगी आईबरोबर कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली.

स्टाफरूममध्ये मी तोंडाचा पट्टा सोडला. "अख्खी शाळा एका माणसाच्या खिशात ठेवता कशाला? सहीचा अधिकार तिघांना वाटून द्या. एक गेला तर दोघं तरी असतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा आला.

गेल्या वर्षी मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आला. अधिकार वाटून द्यायचं पत्र मी पहिल्याच दिवशी लिहिलं आणि खणात ठेवलं. कोणी चुकीचा दाखला दिला तर निस्तरायचं मलाच, असं वाटलं. शिवाय खरं सांगते, लोक माझ्या टेबलापुढे ताटकळायचे ते बरंही वाटायचं. शिक्का माझ्या पर्समध्ये राहू लागला.

जूनमध्ये मावशी आजारी म्हणून मी चिपळूणला गेले. तिसऱ्या दिवशी क्लार्कचा फोन. "मॅडम, शिक्का कुठाय? ते खडोलीवाले आलेत. त्यांच्या धाकटीला धुळ्याला जागा मिळालीय, उद्या शेवटची तारीख."

पर्स माझ्या मांडीवर होती. मी काही बोलायच्या आत फोनमध्ये मागून मुलीच्या वडिलांचा आवाज आला. "राहू द्या साहेब. मॅडमले तरास नको. आपल्याच मॅडम हायेत."