ही मिल नक्की कुणाची?

परळच्या आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जुने फोटो ओळखायला बसतो. फोटोच्या मागे जागेचं नाव लिहिलं, फाइलला लावला, की तो फोटो संपला. किश्श्यांचं तसं नाही. ते कुठल्याच फाइलला लागत नाहीत, आणि चहा आला की एकामागून एक बाहेर पडतात. त्यातून एका फोटोने तर कहरच केला!

फोटो विमानातून काढलेला, काळापांढरा, सरळ वरून. करवतीच्या दात्यांसारखी छपरं, एक चिमणी, एक तळं, भोवती चाळी. म्हणजे कापडाची मिल. पण कुठली? मागे एक अक्षर नाही. गिरणगावाचं प्रदर्शन महिन्यावर आलेलं, आणि आमच्या नेनेबाईंचा नियम असा, की जागा पक्की झाल्याशिवाय फोटो भिंतीवर लागणार नाही. बाई फणसवाडीच्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

*

गावडेकाका बोलले! काका तेहतीस वर्षं साचाखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायला. फोटो बघताक्षणी म्हणाले, "ही माझी मिल!"

बाईंनी चष्मा नीट केला. "कशावरून? तुम्ही मिल वरून कधी पाहिलीत?"

"बाई, तुम्ही तरी भारत वरून कधी पाहिलात? शिकवलातच ना जन्मभर!"

*

चौथा मेंबर निलेश, आमच्यातला सगळ्यात तरुण, म्हणजे चाळिशीचा. कॉम्प्युटर त्याच्याकडे. त्याने जुना नकाशा स्क्रीनवर घेतला आणि आम्ही तीन रविवार फोटो त्याच्याशी जुळवत बसलो. काही म्हणजे काही जुळेना. रस्ता आहे तिथे तळं, तळं आहे तिथे देऊळ.

चौथ्या रविवारी बाई एकदम ताठ बसल्या. "चिमणीची सावली बघा. खाली पडलीय. आपल्याकडे भर दुपारी सावली बहुतेक उत्तरेला पडते. निलेश, फोटो उलटा आहे!"

फोटो फिरवला.

"तरीच," काका म्हणाले. "म्हटलं, माझं खातं डावीकडे होतं, उजवीकडे कसं गेलं?"

"मग तीन आठवडे बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"मला वाटलं, विमानातून तसंच दिसत असेल!"

*

सुलट्या फोटोने गोष्ट दोन मिलवर आणली. एक काकांची, दुसरी तिच्या शेजारची, आणि नकाशात दोघींमधली हद्दच दाखवलेली नव्हती. दोन्हींच्या जागी आता टॉवर. निलेशचा एक मित्र त्यातल्या एकात एकतिसाव्या मजल्यावर राहतो, म्हणून वरून बघून यायचं ठरलं.

गेटवर वॉचमनने अडवलं. "अंकल, किधर जाना है?"

काका त्या गेटसमोर दोन मिनिटं नुसते उभे होते. तंद्रीतच म्हणाले, "साचाखात्यात."

वॉचमनने शांतपणे रजिस्टर उघडलं. "कौनसा विंग?"

*

वर गेलो. मिलचं नामोनिशाण नाही. पण काका एकदम उड्या मारायला लागले. "आमची खिडकी! निलेश, ती बघ, नायगावची आमची चाळ!" लगेच काकींना फोन. काकी मालवणच्या, घरात दोघं मालवणीच बोलतात.

"खंय आसात?" काकींनी विचारलं.

"अगो, मी वर इलंय! हयसून तू दिसतंस! खिडकीत ये!"

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज. मग शेजारीणबाई फोनवर. "कोण बोलतंय? काकी मटकन खाली बसल्यात. काकांना कुठल्या हॉस्पिटलला नेलंय?"

*

प्रदर्शनाला चार दिवस उरले तरी मिल पक्की होईना. फोटो प्रदर्शनातून वगळायचं ठरलं. तेव्हा काका हळूच म्हणाले, "माझ्याकडे माझ्या मिलचा एकपण फोटो नाय हो बाई."

नेनेबाईंनी आपलाच नियम मोडून फोटो भिंतीवर लावायला घेतला. मग त्यांनीच फोटोखाली चिठ्ठी लावली, 'ही मिल ओळखा.' त्याआधी निलेशने कॉम्प्युटरवर फोटो साफ केला होता, डाग, ओरखडे, ठिपके सगळे काढून टाकले होते आणि दाराएवढा मोठा प्रिंट आणला होता.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सावंतआजी आल्या. नव्वदीच्या, नातसुनेच्या हाताला धरून. मिलकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाजूच्या एका चाळीवर बोट ठेवलं. "हे आमचं घर. वरच्या मजल्यावर आमची खानावळ होती. हे समोर मिलचं गेट." आणि त्यांनी मिलचं नाव सांगितलं. काकांच्या शेजारची!

काका फोटोच्या अगदी जवळ जाऊन बघायला लागले. "भिंतीला भिंत होती. वरून कोण पण फसेल."

"पुरावा काय?" बाईंनी विचारलं.

आजींचं लक्ष नव्हतं. त्या चाळीच्या गच्चीवरून बोट फिरवत होत्या. "माझ्या गोधड्या कुठे गेल्या? त्या दिवशी मी सहा गोधड्या धुऊन इथे वाळत घातल्या होत्या. विमान सारखं डोक्यावरून फिरत होतं. कोणीतरी पुसल्यात!"

निलेशचा चेहरा पडला. त्याने मुकाट्याने लॅपटॉप काढला, साफ न केलेला फोटो उघडला आणि ती गच्ची मोठी केली.

सहा पांढुरके चौकोन. ओळीने.

आम्ही सगळे एकमेकांच्या डोक्यावरून स्क्रीनकडे बघत होतो. सहाव्या चौकोनावर मधोमध एक काळपट, लांबट डाग होता.

"गोधड्या बरोबर आहेत, आजी," निलेश अडखळत म्हणाला. "पण हा शेवटचा डाग... हा मात्र खराच डाग आहे. बुरशी असेल."

"बुरशी तुझ्या डोळ्यांत!" आजी कडाडल्या. "ती मी आहे!"