पोस्टाच्या ओसरीवरचे बोंबील

“परत वाचा, मास्तर. बोट ठिवून वाचा.”

“नीराबाई, दोनदा वाचलं मी!”

“मंग तिनदा वाचा. माजे पोराची चिट्टी हाय, तुमचे सासऱ्याची न्हाय.”

पोस्टमास्तर दत्तात्रेयपंतांनी नाइलाजानं कागदावर बोट ठेवलं. गुणाजी खुशाल आहे. बसऱ्यात ऊन फार. पत्र हवालदार लिहून देतो. नीराबाई खिडकीवर रेलून त्या बोटाकडे बघत होती. नवव्या ओळीवरून बोटानं जी उडी मारली, ती थेट अकराव्या ओळीवर.

“थांबा! मदली वल कुटं गेली?”

“ती… ती पलटणीची आहे. तुझ्या कामाची नाही.”

“बरं बरं,” म्हणत तिनं कागद ओढून घेतला. तिला अक्षर एक कळत नव्हतं. पण उभा जन्म टोपलीत मासळी मोजून टाकण्यात गेलेला. दहातली एक गेली तर ती डोळे झाकून सांगायची.

तीन वर्षांमागं, एकवीस साली, गुणाजी महाडच्या बाजाराला म्हणून गेला तो पलटणीत नाव देऊनच परत आला. होडीवर ओकाऱ्या काढणारा हा कोळ्याचा पोर सरकारनं नेमका समुद्रापार धाडला. नीराबाईनं तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल अशा शिव्या मात्र दिल्या होत्या.

ती तडक बाजारात गेली. सुपारीचे व्यापारी वहाबभाई वखारीच्या दारात बसले होते. त्यांनी दहावी ओळ वाचली आणि गडगडून हसले.

“नीराबाय, पोरगा बोंबील मांगतोय तुजा! ‘आये, हितं मटनबी मिलतं, पन जिबेला चव न्हाय. सुक्या बोंबलाची एक जुडी धाड.’”

“मेल्याला आयेची न्हाय, बोंबलाची आठवन आली,” नीराबाई म्हणाली. पण चिठ्ठी तिनं चोळीत खोचली आणि मान जरा ताठ झाली.

मास्तरांनी ओळ का गिळली, हे वहाबभाईंना ठाऊक होतं. गेल्या साली कुणीतरी मुंबईला सुकटीचं गाठोडं धाडलं होतं. पिशवीतल्या सगळ्या चिठ्ठ्यांना वास लागला आणि वरून मास्तरांना खरमरीत कागद आला. तेव्हापासून मासळी म्हटलं की मास्तर कानांवर हात ठेवायचे.

“पन घाई कर,” वहाबभाई म्हणाले. “शुक्रवारची आगबोट शेवटची. मंग पावसाला सरंपर्यंत बंद. तंवर पोरगा रोटीच चावंल.”

तो सोमवार होता. घरी जुनी जुडी होती, ती फडक्यात शिवून नीराबाई पोस्टात गेली. मास्तरांनी नाकाला उपरणं लावलं आणि खिडकीच बंद केली.

मंगळवारी सकाळी ते पोस्टात आले, तर ओसरीच्या दोन खांबांना काथ्याची दोरी ताणलेली. दोरीवर ओले बोंबील, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले. खाली पायरीवर नीराबाई, कावळे हाकत.

“हे काय! हे सरकारी ऑफिस आहे!”

“मंग सरकारी बोंबील समजा.”

“वास येतोय!”

“येनारच. वालायला चार दिस लागतात. दर्यावर जागा न्हाय उरली, मास्तर.”

मास्तरांनी शिपायाला हाक मारली. शिपाई कोळीवाड्यातलाच. त्यानं आधी बोंबलांकडे बघितलं, मग नीराबाईकडे. म्हणाला, “मावशी हाय ती माजी,” आणि तंबाखू मळायला लागला. पोस्टकार्डं घ्यायला आलेल्या बाया बोंबलाचा भाव विचारू लागल्या. नीराबाई भाव सांगायची आणि वर म्हणायची, “मास्तरांना इचारा, दुकान त्यांचं.” दुपारपर्यंत गावातल्या साऱ्या मांजरांना पोस्टाचा पत्ता कळला. एक तर मास्तरांच्या धोतरापाशी बसून ओरडायला लागलं.

बुधवारी मास्तर जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी ते स्वतः रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आले, राखेनं घासून लख्ख केलेला.

“नीराबाई, ती शिवलेली सुकी जुडी यात घाल. कथलाचा डाग देऊन तोंड बंद करून घेऊ. वासाचा एक कण बाहेर आला तर माझी नोकरी जाईल, एवढं ध्यानात ठेव.”

“असं सोमवारीच बोलायचं व्हतं ना, देवा! मी कशाला तुमची ओसरी घान केली असती?”

डब्यावर फडकं शिवलं, लाखेचे ठसे मारले. मास्तरांनी पलटणीचा इंग्रजी पत्ता ठसठशीत घातला. आत काय आहे हे लिहायच्या जागी टाक अडला.

“बोंबील लिवा,” ती म्हणाली. “लाज कशाची?”

त्यांनी लिहिलं.

शुक्रवारी आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी राहिली. टपाल पडावात चढलं. मास्तर छत्री धरून काठावर, पडाव सुटेपर्यंत नाक वर करून वास घेत उभे. वास नव्हता. नीराबाई त्यांच्या शेजारी पडाव आगबोटीला लागेपर्यंत थांबली. डबा वर खेचलेला तिनं बघितला.

“गेला,” ती म्हणाली.

तेवढ्यात पलीकडे मासळीच्या होड्या लागल्या आणि बायांचा गलका उठला. तिनं कासोटा आवळला, टोपली डोक्यावर घेतली आणि पुढं गेलेल्या बायांना शिव्या घालत वाळूतून धावत सुटली.