मामाचं सर्वनाम

आमच्या लिफ्टवाल्या मामाने देव सोडला, ही बातमी चर्चमधली उपासना संपवून आम्ही घरी पोहोचायच्या आत घरी पोहोचली होती. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी ती मला तोंडातल्या टाचण्यांसकट ऐकवली. "ऐफलंस का गं? तुझा मामा म्हणे फाळकांना उलट बोलला!" पहिल्या मजल्यावर मामाने दार आपटलं होतं. दुसऱ्यावर त्याने गीतांचं पुस्तक भिरकावलं होतं. चौथ्यावर जाईपर्यंत त्याने पाळकांच्या कानाखाली आवाज काढला होता. अफवेला लिफ्ट लागत नाही.

खरं एवढंच, की मामा मधेच उठून बाहेर गेला. दारही आपटलं नाही. उलट जाता जाता त्याने करकरणाऱ्या बिजागरीकडे बघितलं, ही तेल मागते आहे अशा नजरेने.

झालं होतं असं. ज्यांचं कुणी नाही आणि जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी आमच्या चर्चची मंडळी एक घर चालवते. तिथे राहून त्यांचं सगळं करणारे गृहस्थ आता स्वतःच थकले. पाळकांनी विचारलं, "प्रभूच्या या कामाला कोण तयार आहे?" तर सगळ्या चर्चला एकदम खोकला आला. मग आजोबा उभे राहिले. आजोबा घरातही वडील आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्यांतलेही वडील, त्यामुळे 'मी' हा शब्द त्यांना अंगाला आखूड होतो.

"आम्ही," आजोबा म्हणाले, खाली कुठेतरी पाण्याचा पंप सुरू व्हावा तशा आवाजात, "आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या प्रभूच्या सेवेत आहे. आम्ही आमचा मुलगा देतो."

घरातलं जुनं कपाट द्यावं तसं. मामाला विचारलं नाही, पुसलं नाही. तो उठला आणि गेला. भर मंडळीत आजोबांचं नाक कापलं गेलं.

घरी आल्यावर आजोबा मामाशी बोलेनात. तो समोर बसलेला असताना आजीला म्हणाले, "त्याला सांगा, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून हो म्हणाला, तर तो आमचा. नाहीतर आम्हाला मुलगा नाही."

"बाबा, आपण काय म्हणतो…" मामाने सुरुवात केली.

"त्याला सांगा, आम्हाला ऐकू येत नाही."

आजीने दोघांकडे बघितलं आणि चहा टाकायला गेली. तिचं उत्तर नेहमी गॅसवरच असतं.

आता मामाच्या त्या 'आपण'बद्दल सांगायला हवं. मामा स्वतःला कधी 'मी' म्हणत नाही. 'आपण जेवलो.' 'आपल्याला नाही बुवा पटत.' त्याचं काम लिफ्ट दुरुस्त करायचं. लिफ्ट बंद पडली की लोकांना सांगतो, 'आपण बघू.' नेमकं कोण बघणार ते कुणाला कळत नाही. एकदा तर चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ स्वतःचा पाना घेऊन वर हजर झाले होते. मी मामाची नक्कल करते ती एवढ्या एका शब्दावर. खांदे पाडायचे, मान खाजवायची आणि म्हणायचं, 'आपण.' लोक लोळतात.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. दार लोटलं, तर मामा मोटरीशेजारी गुडघे टेकून, डोळे मिटून बसलेला. माझी चाहूल लागताच त्याने उगाच एक नट उचलला.

"काय शोधत होतास?" मी विचारलं.

"आपण? काही नाही."

त्याच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर ग्रीसचे गोल डाग होते. आजी किती दिवस डोकं धरत होती, 'लिफ्ट काय हा गुडघ्यांनी दुरुस्त करतो?' मला आत्ता उलगडा झाला.

"मामा, खरं सांग. तुला त्या घरात जायचं नाहीये का?"

"जायचंय ना! तोच तर घोळ आहे." मामाने चहाचा कप मोटरीवर ठेवला. "त्या घरातल्या लिफ्टमध्ये आपण अडकलो होतो. चाकाच्या खुर्चीतल्या मास्तरीणबाई होत्या बरोबर, व्याकरण शिकवायच्या त्या. दिवे गेले. त्या म्हणाल्या, घाबरलास? आपण म्हटलं, नाही, आपण प्रार्थना करतो. तर विचारतात, आपण म्हणजे कोण कोण?"

मामाने त्यांचा आवाज काढून बघितला. फारच वाईट जमला, पण मी टोकलं नाही.

"आपण सांगितलं, घरचे सगळेच करतात. म्हणाल्या, घरचे या लिफ्टमध्ये नाहीत. इथे तू आहेस, मी आहे आणि देव आहे. त्यातला तू काय म्हणतोस?"

"मग?"

"मग लिफ्ट सुरू झाली." मामा हसला, आणि लगेच थांबला. "पण प्रश्न काही सुटला नाही. येशू आपल्या घरात होता गं लहानपणापासून, भिंतीवरच्या घड्याळासारखा. सगळ्यांचा मिळून एक. किती वाजले ते बाबा सांगायचे. मग आपण एकट्याने बोलायला लागलो त्याच्याशी. इथे, दुसऱ्या इमारतींत, जिथे मशीनरूम असेल तिथे. ऐकतो तो. आता आपल्याला त्याचं काम करायचंय. पण बाबांनी दिलं म्हणून गेलो, तर ते बाबांचं देणं झालं. आपलं काय?"

"आणि नाही म्हणालास तर आजोबा तुटतात."

"तुटतात."

"मग मंडळीसमोर हेच सांग. फक्त 'मी' म्हणून सांग."

"म…" मामा म्हणाला. पुढे गाडी जाईना. "तोंडात बसत नाही तो शब्द."

"पैज! रविवारी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत तुझं ते 'आपण' एकदा जरी निघालं, तर तुझी मोठी बॅटरी माझी."

"आणि नाही निघालं तर तू आजोबांची नक्कल करायची. आजोबांसमोर."

मामाला मी ओळखत होते. "लागली."

"लागली. आपण हरत नसतो."

"बॅटरी पुसून ठेव," मी म्हणाले.

रविवारी चर्च गच्च भरलं. शिवणवाल्या काकूसुद्धा, नंतर नीट बोलता यावं म्हणून, टाचण्या घरी ठेवून आल्या होत्या. मास्तरीणबाईंनाही कुणीतरी आणलं होतं. त्यांची खुर्ची पहिल्या बाकाला लावलेली. पाळकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. मामा उभा राहिला.

"आ…" तो म्हणाला. मी बाकाची कड घट्ट धरली. "आ…" खांदे पडले. हात मानेकडे निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

"मी," मामा म्हणाला.

आवाज चिरका निघाला, पण निघाला. "मी मागच्या रविवारी उठून गेलो, ते देवाला नाही म्हणायला नाही. मला दुसऱ्याने देऊन टाकलेलं नको होतं. येशूने मला हाक मारली. घराण्याला मारली असेल, ते घराणं बघेल. मला मारली, आणि मी हो म्हणतोय. मला फक्त लिफ्ट येते. माणसाची कूस बदलायला येत नाही, भरवायला येत नाही. मी शिकेन. मी तिथे राहायला जातो."

या वेळी कुणीही खोकलं नाही.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आम्ही…" ते म्हणाले आणि थांबले. पंपाने नुसती हवा ओढावी तसं झालं. मग ते आजीला मधे न घेता थेट मामाला म्हणाले, "मला ऐकू आलं."

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो त्यांच्यापाशी गेला, काठीच्या बाजूने हात धरला. "चला बाबा. आपण घरी जाऊ."

"हरलास!" मी बाकावरून उडीच मारली. "आपण म्हणालास! बॅटरी!"

पाळक दचकले. मास्तरीणबाईंनी खुर्ची वळवली. "काय प्रकार आहे?"

मी पैज सांगितली. त्यांनी डोळे बारीक केले, जणू माझी वही तपासतायत. "'आपण घरी जाऊ.' म्हणजे कोण कोण?"

"मी आणि बाबा," मामा म्हणाला.

"मग ते बरोबर आहे. माणसं दोन आहेत. तुझी पैज चुकीच्या 'आपण'वर होती. हरलीस, मुली."

दुपारी जेवणं झाल्यावर मामा खुर्ची ओढून अगदी पुढे बसला. मी आजोबांसमोर उभी राहिले. काठी म्हणून लाटणं धरलं, छाती फुगवली. "आम्ही," मी म्हणाले, "आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या…"

आजीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आजोबांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं.

"हे काय, मांजरासारखं?" ते म्हणाले. "पोटातून आवाज काढ. पुन्हा."