शाईवरची कणीक

औंढ्याच्या नागनाथा, तुझ्या चरणी मस्तक ठेवून आरंभ करतो. विषय कडू आहे, तेवढी वाणीला गोडी दे. भजनी मंडळात अभंग पाठ व्हायला वर्षे लागतात. किस्से मात्र बुक्क्यासारखे असतात. न लावताही अंगाला लागतात! आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या मंडळातले, दोन हजार सालानंतरचे हे काही.

* * *

गंगाधर आमचा पखवाजी. पूर्वी ट्रक चालवायचा, पुढे शेती करू लागला. त्याचे डोके सतत दुखे, अंगात बारीक ताप असे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. उजवीकडे काळी शाई असते. एका गुरुवारी या गृहस्थाने कणीक सरळ शाईवर थापली!

आम्ही थक्क. पण दाजीबा, आमचे ज्येष्ठ टाळकरी, थक्क होत नसत. त्रैलोक्यातील प्रत्येक गोष्टीचा उलगडा त्यांच्यापाशी तयार असे. म्हणाले, "खऱ्या भक्ताला डावं-उजवं उरत न्हाई!"

* * *

पुढच्या गुरुवारी गंगाधर डोळे चोळत म्हणाला, "दाजीबा, मला दोन-दोन पांडुरंग दिसून राहिले."

दाजीबा कळवळले. "चाळीस वर्षं टाळ कुटून आमाला एक दिसला न्हाई, अन् ह्याला जोडीनं!"

गंगाधरला ओकाऱ्या होत होत्या, त्याचा अर्थ दाजीबांनी 'अन्नावरची वासना उडाली' असा लावला.

* * *

मग गंगाधरची मान ताठ झाली, नजर एके ठिकाणी खिळली, तो असंबद्ध बरळू लागला. दाजीबांनी समाधी जाहीर केली! हार आले, नारळ फुटले. दाजीबांनी स्वहस्ते त्याचे पाय धुऊन तीर्थ घेतले. जवळा बाजारचे एक सद्गृहस्थ कापूस आता विकावा की थांबावे, हे विचारायला आले. समाधीतून उत्तर आले, "ब्रेक मार, ब्रेक!"

सद्गृहस्थ नमस्कार करून, कापूस न विकता, तृप्त मनाने परतले.

तेवढ्यात गंगाधरची बायको सुमन शेतातून आली. तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि दाजीबांकडे वळली. "मामा, समाधीला येवढा ताप असतो व्हय? नारळ ठिवा अन् जीप बोलवा, न्हाईतर उद्या हेच हार तिरडीवर घालाल!"

* * *

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले, की मेंदूच्या आवरणाला क्षय झाला असावा. खात्रीसाठी पाठीच्या कण्यातले पाणी तपासावे लागेल, आणि उशीर झाला तर माणूस हाती लागणार नाही.

दाजीबांना शास्त्र पटेना. "क्षय छातीत असतो. टाळक्यात कसा चढंल?"

"आजोबा, त्या जंतूला तुमच्याइतकं कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

"अन् पाठीतलं पाणी काढल्यावर पोरगं लुळं पडलं तर? पखवाज काय निजून वाजवंल?"

सुमनने संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला. "मामा, न्हाई काढलं तर ते बसून वाजवणार हायेत का?"

* * *

निदान खरे ठरले. त्यामागचे कारणही निघाले: एचआयव्हीने त्याची प्रतिकारशक्ती पोखरली होती. सुदैवाने गोळ्या दोन्ही आजारांना होत्या. कित्येक महिने त्या गिळून गंगाधर काठी टेकत उभा राहिला.

इकडे मंडळाचे वैराग्य जागे झाले! 'भेदाभेद अमंगळ' असे उच्च स्वरात गाणाऱ्यांनी ठरवले, की गंगाधरने जरा लांब बसावे. शिवल्याने हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले होते. तरी दाजीबांची अट निघाली, "कणीक त्यानं मळू नये. त्याचा हात लागंल."

दारातून सुमन म्हणाली, "मामा, पाय धुऊन पाणी पिलात, तवा हात कुठं गेला व्हता?"

दाजीबांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. पुढच्या गुरुवारी ते स्वतःच परातीत पीठ घेऊन आले. "मळ रे गंग्या. अन् बस इथं, मधी."

* * *

गंगाधरने कणीक मळली. पखवाज मांडीवर घेतला. गोळा उचलला, आणि त्याचा हात हळूहळू उजवीकडे, शाईकडे निघाला!

टाळ थांबले. सुमनने दाराची चौकट घट्ट धरली. दाजीबा अर्धवट उठले.

हात शाईवर क्षणभर थांबला, मग वळला, आणि कणीक डावीकडे बरोबर थापली गेली. गंगाधरने मान सहज वळवून दाजीबांकडे पाहिले.

"काहून दाजीबा? तीर्थाचा तांब्या शोधून राहिलात का?"

* * *

नागनाथ सर्वांचे रक्षण करो. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी दिवा तेवत राहो, आणि त्या घरात कोणाला ताप आला, तर त्याच्या कपाळावर वेळेवर एक शहाणा हात पडो.