बाळापूरच्या किल्ल्यावर दहा बाया

बाळापूरच्या हलीमाबी चाळीस वर्षं सतरंज्या विणत होत्या. नवा रंग विकायला कुणी आलं, की त्या सुताची एक लड नव्या रंगात, एक जुन्यात बुडवून दोन्ही आठ दिवस उन्हात टाकायच्या. मगच माल घ्यायच्या.

२०१५ साली, सलग दोन पिकं बुडाल्यावर, थकल्या माणसांना काहीबाही विकणारे गावोगाव फिरू लागले. अशाच एका एजंटाने मोहल्ल्यात सभा घेतली. या कॅपसूलने पेशींना ताकद येते, म्हातारपण लांबतं, असं तो म्हणाला. हलीमाबींचे गुडघे दुखायचे, मोह त्यांनाही झाला. तरी त्यांनी पुरावा विचारला. त्याने परदेशात उंदरांवर केलेल्या प्रयोगाचा तक्ता दाखवला.

"उंदीर सतरंजी विनते का, बाबू? मले बायांचं सांग."

त्याने तक्ता गुंडाळला. नमुन्याच्या पाच डब्या मात्र तो ठेवून गेला.

हलीमाबींची भाची नगमा अकोल्याला बी. फार्म करत होती. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत, असं तिने सांगितलं. मग आपणच पाहू, असं हलीमाबींनी ठरवलं. कॅपसूलमध्ये अपायकारक काही नाही ना, ते नगमाने आपल्या सरांकडून तपासून घेतलं. दहा बाया तयार झाल्या. पाच जणींना खरी कॅपसूल, पाच जणींना तशाच टरफलात ज्वारीचं पीठ. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाला काय, ते फक्त नगमाच्या वहीत. दर रविवारी सकाळी बाया किल्ल्याची चढण चढायच्या आणि नगमा घड्याळ लावायची.

दोन महिन्यांत, दहाजणींपैकी शेतात निंदणाला जाणारी सुभद्रा सगळ्यांच्या पुढे गेली. कॅपसूलनं अंगात वारं भरलं, असं ती गल्लीभर सांगू लागली. आपल्या वाट्याला पीठच आलं असणार, असं वाटून हलीमाबी तिच्यावर मनातून जळत होत्या.

शेवटी नगमाने वही उघडली. पीठ सुभद्राचं निघालं, खरी कॅपसूल हलीमाबींची. चढायचा वेळ दहाही जणींचा कमी झाला होता, दोन्ही गटांत जवळपास सारखाच.

सुभद्रा हिरमुसली. "म्हंजे मी पिठावर चढली?"

"पायावर चढली, बाई," म्हणत हलीमाबी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

दहा बायांवरून पक्कं काही ठरत नाही, असं नगमाने बजावलं. परत आलेल्या एजंटाने डोस दुप्पट करायला सुचवलं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

रविवारची चढण मात्र सुटली नाही. आता तेवीस बाया येतात. उतरताना हलीमाबींचे गुडघे अजून कुरकुरतात. मग त्या मधल्याच दगडावर बसतात आणि सुभद्राकडे सुपारी मागतात.