वीतभर लाल भाजी

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या काकूंवर अन्याय झाला. त्यांना तो कळला थंडीत.

काकूंची मोजपट्टी म्हणजे त्यांचा पंजा. वाफ्यात अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची. "वीतभर झाली का उपट. आधी हात लावशीन तर पाहून घे." मोर्च्यात ओरडून माझा घसा बसला, तेव्हा मलाही मोजलं. "पोट्टी सात वितीची, आवाज दहा वितीचा."

काकांच्या रेल्वेच्या नोकरीपायी त्या विदर्भातून रायपूरला आल्या, तेव्हा आईच्या घरचं लाल भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, बी सोबत होतं. काका वारल्यावर बीरगांवकडच्या एका आमराईत झाडांमधली पट्टी त्यांनी भाड्यानं घेतली.

दसऱ्यानंतर पेरलेली भाजी चार बोटांवर अडली. पानं गडद, जाड, गोळा झालेली. खत घातलं, पाणी घातलं. भाजी हलेना.

आमराईचा सेठ म्हणाला, "दीदी, बीज बूढ़ा हो गया आपका."

काकूंनी ते खरं मानलं. उरलेलं बी आमच्या अंगणातल्या फुटक्या टबात झटकलं. "पाखरं तरी खातीन."

पाखरांनी सगळं खाल्लं नाही. महिन्याभरानं काकूंनी टबात अंगठा टेकवला, करंगळी ताणली. भाजी वर बोटभर उरली.

"म्हणजे बी बरोबर आहे माहं."

आम्ही आमराईत गेलो. सेठनं बिनदिक्कत सांगितलं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आंब्यांच्या बुडाशी औषध ओतलं. झाड उंच होण्यासाठी स्वतःच्या अंगात जे संप्रेरक बनवतं, ते हे औषध बनूच देत नाही. फांद्या थांबतात, मोहोर लदबदून येतो. पण औषध मातीत राहतं, वर्ष उलटलं तरी. तिथं जे पेराल ते खुजं.

"वो तो आम के लिए डाला था दीदी, भाजी के लिए थोड़ी."

"मंग माह्या बियाले बुढं काहून म्हटलं, भैया?"

सेठ मोबाईल पाहू लागला.

उन्हाळ्यात काकू वारल्या. टबातल्या भाजीचं मूठभर बी माझ्याकडे आहे. पेरायला माती शोधून राहिले.

पोळा परत जवळ आलाय, औषधाचे डबे दुकानांत लागलेत. आमराई तुमची असेल, तर बुडाशी काय ओतलं ते फाटकावर लिहा. पट्टी भाड्यानं घेणार असाल, तर बी पेरण्याआधी मालकाला विचारा, चारचौघांत, मोठ्यानं. आणि तो बियाला नावं ठेवू लागला, तर काय ओतलं ते सांगेपर्यंत तिथून हलू नका.